तक्रार क्रमांक सहाशे बारा

गावात मला कात्री म्हणतात. मी कपडे शिवते म्हणून म्हणतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जीभ आधीपासून होती, कपडे नंतर आले. लहान मुलं कात्रीमावशी म्हणतात, मोठी माणसं मी पाठमोरी झाले की नुसतंच कात्री म्हणतात, आणि मला दोन्ही ऐकू येतं.

माझं दुकान बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात आहे. बायकांच्या वेटिंग रूममध्ये. स्टेशन बंद होऊन तेवीस वर्षं झाली. रूळ उपटून नेले, तिकीटखिडकीत कबुतरांनी संसार मांडला, आणि बाजाराच्या दिवशी फलाटावर बटाट्याची पोती टेकवतात. माझ्या खोलीची फरशी मात्र रोज पुसलेली असते. खिडकीपाशी मशीन, भिंतीशी प्रवासी बायकांचा लांब बाक, त्यावर घड्या घातलेले कपडे. मशीन सासूबाईंचं. तिथे दुकान टाकायची अक्कलही त्यांचीच. त्या जाऊन चार वर्षं झाली. उद्या खोली गेली तर माझं पोट अडणार नाही, शिवणाऱ्या बाईला कुठेही खिडकी मिळते. पण त्या बाकावर बसून सासूबाई एकोणीस वर्षं बटणांची काजं करत होत्या, आणि मशीनवरून मान वर केली की त्या दिसायच्या. अजूनही कधीकधी दिसतात. ही खोली गेली तर तेवढं जाईल, आणि तेवढं मला जायला नको होतं.

तर एका सकाळी दारावर नगरपालिकेची नोटीस. स्टेशन पाडणार, जागा गोदामाला देणार. हरकत असल्यास वास्तूला इतिहास आहे हे पुराव्यानिशी दाखवावं, जतन खात्याच्या अधिकारी पुढच्या गुरुवारी पाहायला येतील. जागा मागितली होती आमच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं. त्याची आधीची तीन गोदामं आहेत म्हणून त्याला गोदामशेठ म्हणतात.

आता आमच्या स्टेशनाला इतिहास कुठला? इथे कुणी थोर माणूस उतरला नाही. एक उतरणार होता, पण त्याला झोप लागली आणि तो पुढच्या स्टेशनावर गेला. लढाई नाही, अपघात नाही. दिवसाला एक गाडी यायची आणि जायची. नगराध्यक्षांनी मला बोलावून गोड आवाजात समजावलं की कात्रीबाई, हट्ट सोडा, नव्या इमारतीत तुम्हाला जिन्याखालची जागा देऊ. त्यांच्या टेबलावर पितळी पाटी आहे, नावाखाली ‘पदवीधर’ असं कोरलेली. ती पाटी पाहिली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, इतिहास आहे की. माझ्याकडे तक्रारवही आहे.

नगराध्यक्षांनी हातातला चहा बशीत सांडला.

तक्रारवहीचं प्रकरण नीट सांगायला हवं. प्रत्येक स्टेशनात एक वही असायची. कुणीही मागितली की स्टेशनमास्तरनं द्यायची, माणसानं तक्रार लिहायची, आणि सात दिवसांत तिला लेखी उत्तर द्यायचं, असा कायदा. आमचे मास्तर कायद्याचे फार पक्के. त्यांनी नियम दहा वेळा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की तक्रारीला उत्तर दिलंच पाहिजे असं लिहिलंय, तक्रार रेल्वेचीच असली पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि आमच्या गावाच्या लक्षात आलं की सरकारचं एवढं एकच दार आहे जिथे ठोठावलं तर सात दिवसांत कुणीतरी ओ देतं. मग काय विचारता! ज्याचं ज्याच्याशी वाजलं तो स्टेशनात.

सतरा नंबरची तक्रार शेजाऱ्याच्या कोंबड्याची आहे. पहाटे साडेतीनलाच आरवतो, सबब बंदोबस्त व्हावा. मास्तर स्वतः जाऊन कोंबडा पाहून आले आणि खाली लिहिलं: ‘चौकशी केली. कोंबड्यास समज देण्यात आली.’ लोहाराची तक्रार, बायको भाजीत मीठ घालत नाही. मास्तर त्याच्या घरी जेवून आले. ‘मीठ बरोबर आहे. तक्रारदाराने तंबाखू कमी करावी.’ चौकशी केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती वाचायला देऊन त्याचं म्हणणं घ्यायचंच, ही मास्तरांची पद्धत. त्यामुळे गावात भांडणं जितकी मिटली तितकीच नवी लागली.

गोदामशेठच्या घराण्याचंही त्यात आहे. त्याच्या आजोबांनी वाटणी करताना थोरल्याला जिना दिला आणि धाकट्याला वरचा मजला. धाकट्याची तक्रार, मी घरात जाऊ कसा? थोरल्याचं म्हणणं, ते मला काय माहीत. मास्तरांचं उत्तर: ‘एकाने चढू द्यावे, दुसऱ्याने बसू द्यावे. न जमल्यास दोघांनी फलाटावर झोपावे, जागा आहे.’ दोघे भाऊ खरंच चार दिवस फलाटावर झोपले होते. आणि नगराध्यक्षांच्या वडिलांची तक्रार अशी की माझ्या मुलाच्या परीक्षेचा निकाल ओळीनं तीन वर्षं रेल्वेच्या टपालातून गहाळ होत आहे. उत्तर: ‘टपाल तपासले. निकाल तिन्ही वर्षे आला. मुलगाच तो घेऊन जात होता.’

अशा सहाशेच्या वर. स्टेशन बंद झालं तेव्हा मास्तरांना ही वही वरच्या कचेरीत पाठवायची भीती वाटली आणि जाळायचं मन होईना. आमचे हे तिथे सांधेवाले होते, म्हणजे गाडी येताना रुळांचा सांधा बदलायचे. जाताना मास्तर वही आमच्या हातात ठेवून गेले.

मी वही बाहेर काढणार हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर गावभर पौर्णिमा. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात अशी माणसं यायला लागली ज्यांनी जन्मात कधी बटण लावून घेतलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी उसवलेलं. एकानं तर माझ्यासमोर बाहेर उभं राहून खिसा उसवला, मला काचेतून दिसलं. आत येऊन आधी हवापाण्याच्या गप्पा, मग माझ्या तब्येतीची चौकशी, आणि मग मूळ मुद्दा: ते एवढं एक पान काढून टाका ना.

मी काय सांगू, तो आठवडा मला फार गोड गेला. चहावाला तीन वेळा चहा पाठवायचा, सांगितल्याशिवाय. नगराध्यक्षांनी दहा वर्षं बंद असलेला दिवा माझ्या दारापुढे लावून दिला. औषधवाले म्हातारे आले आणि कुजबुजले की चारशे आठ नंबर तेवढा काढा. ती तक्रार शाळेच्या मोठ्या बाईंची होती, की औषधवाल्यानं माझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलेलं नाही. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘संबंधितास विचारले. उत्तर लिहीत आहेत, धीर धरावा.’ त्याच संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. निवृत्त झाल्या तरी छडी हातात असल्यासारख्याच चालतात. त्यांना पान काढायचं नव्हतं, नक्कल करून हवी होती. उत्तर अजून आलेलं नाही, म्हणाल्या, आणि पुरावा असलेला बरा.

सगळ्यांना मी एकच ऐकवलं. गोदामशेठ तर स्वतः आला, आल्या आल्या बाकावर बसला, आणि म्हणाला की माझ्या काकांचं आणि वडिलांचं ते फलाटावर झोपणं जगाला कशाला? मी चष्मा पुसला. मला तो क्षण चांगला आठवतो, कारण त्याचीच फेड मला करावी लागली.

“शेठ,” मी म्हटलं, “इतिहासाचं पान फाडता येत नाही.”

तो उठून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघून हसलेसुद्धा.

आता खरं सांगते. एक पान मी फाडलेलं होतं. तेवीस वर्षांपूर्वीच. सहाशे बारा नंबरचं, आणि ते माझं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझ्यावरूनच काढली असावी.

तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासूबाई पाच दिवस लेकीकडे राहायच्या, तिची मुलं सांभाळायला, आणि शनिवारी चार दहाच्या गाडीनं आमच्याकडे यायच्या. सोमवारी सकाळी परत. माझे पाच दिवस बरे जायचे. शनिवारी तीन वाजल्यापासून धास्ती. आल्या की डब्यांची झाकणं उघडून बघायच्या, मी घातलेली शिवण उसवून पुन्हा घालायच्या. एका शनिवारी त्यांनी पाहुण्यांसमोर माझी शिवण उसवली. मी रागानं तरातरा स्टेशनात गेले आणि वही मागितली. त्या रागात काय लिहिलं, ते पुढे येईलच. त्यानंतर पाच महिन्यांनी गाडी बंद झाली, आणि बंद झाली ती शनिवारी. सासूबाई चार दहाला उतरल्या, सोमवारी परत जायला गाडी नव्हती. बस होती, पण बस त्यांना लागायची. निदान त्या तसं म्हणाल्या. राहिल्या त्या राहिल्याच.

मास्तरांनी वही हातात दिली त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं पान उघडून पाहिलं, खाली काय उत्तर आलंय म्हणून. वाचलं आणि तिथल्या तिथे फाडलं. जाळायला मात्र हात धजेना. ते मी मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनांच्या डबीखाली, आणि सासूबाई रोज त्या मशीनवर हात फिरवत राहिल्या.

गुरुवारी जतन खात्याच्या बाई आल्या. वय असेल तिशीच्या आत, केस कापलेले, पाठीवर पिशवी, आणि चपला हातात घेऊन फलाट मोजत चालल्या होत्या. अख्खा बाजार स्टेशनात लोटला होता. जो तो आपलं पान येतंय का म्हणून मान उंचावून. बाईंनी माझ्या बाकावर मांडी घातली आणि वही उघडली. पहिल्या दहा मिनिटांत त्या दोनदा हसल्या. कोंबड्याला समज दिली तिथे त्यांना ठसका लागला. मग त्या हसायच्या थांबल्या आणि भराभर टिपणं काढायला लागल्या. म्हणाल्या की स्टेशनं त्यांनी शेकडो पाहिली, पण एका गावाचं असं अख्खं घरगुती चरित्र कुठे सापडलं नाही. वही अस्सल आणि पूर्ण असेल तर ही इमारत पाडता येणार नाही.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नगराध्यक्षांचं पान बाईंनी मोठ्यानं वाचलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. लोक हसले, आणि नगराध्यक्ष कानापर्यंत लाल होऊन स्वतःही हसले.

मग बाई थांबल्या. पान मागे केलं, पुढे केलं. बोट ठेवून मोजलं.

“सहाशे अकरानंतर एकदम सहाशे तेरा आहे,” त्या म्हणाल्या. “मधलं पान कुठाय?”

बाईंनी समजावून सांगितलं की एक पान फाडलेलं असेल तर बाकीच्यांचाही भरवसा देता येत नाही, कुणी आपल्या सोयीनं काढली-घातली असतील. अपुरी वही पुरावा म्हणून चालत नाही. पान हरवलं असेल तर त्यांना तसा शेरा मारावा लागेल, आणि मग निर्णय नगरपालिकेचा.

गोदामशेठ दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या हाताकडे, आणि माझा हात आपसूक मशीनच्या खणावर गेला होता. माणूस व्यापारी, तराजूचा काटा कुठे हलला हे त्याला लांबून कळतं.

“इतिहासाचं पान फाडता येत नाही,” तो हळूच म्हणाला, “असं मला कोण म्हणालं होतं बरं?”

सगळा बाजार माझ्याकडे वळला. आठवडाभर ज्यांना मी नाक घासायला लावलं ते सगळे. त्यांची चूक नव्हती. मला वाटलं, हरवलं म्हणून सांगावं. गोदामशेठला जागा जाईल, पण सासूबाईंचं आणि माझं झाकलेलं राहील. मग बाकाकडे पाहिलं. बाई जिथे बसल्या होत्या तीच सासूबाईंची जागा, खिडकीकडची. खण उघडला.

बाईंनी हात पुढे केला. मी म्हटलं, मी लिहिलंय, मीच वाचते. पान चार घड्यांचं, कडा पिवळ्या पडलेल्या. चष्मा लावला आणि वाचलं.

“तक्रार क्रमांक सहाशे बारा. शनिवारच्या चार दहाच्या गाडीने माझी सासू येते. सामानाचे वजन होते, पण ती जे सल्ले आणते त्यांचे होत नाही. रेल्वेने दर आठवड्याला हा माल माझ्या दारात टाकू नये. सबब ही गाडी बंद करावी. सही, सांधेवाल्याची बायको.”

हसू असं फुटलं की कबुतरं उडाली. गोदामशेठ चौकटीला धरून हसत होता. शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून. मी थांबले. हसून घ्या म्हटलं, तुमचा हक्क आहे. मग मास्तरांचं वाचलं: ‘गाडी बंद करणे या कार्यालयाच्या हातात नाही. तरी संबंधित सासूबाईंचे म्हणणे शनिवारी घेण्यात येईल.’

हसणं कमी झालं. मास्तरांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे त्यांनी वही सासूबाईंपुढे उघडून ठेवली होती. खाली सासूबाईंचं अक्षर होतं, काज केल्यासारखं बारीक आणि घट्ट.

“तक्रार वाचली. माझा पाठिंबा आहे. पाच दिवस लेकीकडे, दोन दिवस लेकाकडे, पार्सलसारखी जाऊन येऊन कंबर मोडली. गाडी जरूर बंद करावी. फक्त ती...”

इथे मी चष्मा काढला. इतका वेळ मी धीट होते, खोटं कशाला सांगू. बाईंनी पाण्याचा पेला दिला, मी तो तसाच धरून राहिले. तेवीस वर्षांत ती ओळ मी कितीतरी वेळा मनात वाचली होती, मोठ्यानं कधीच नाही.

“फक्त ती मी या बाजूला असताना बंद करावी. सून तोंडाची फटकळ आहे, पण माझी वाट बघत तीनपासून दारात उभी असते.”

मी दारात उभी असायचे ती धास्तीनं. त्यांना ते वाट बघणं वाटलं. का त्यांना सगळं कळत होतं आणि त्यांनी मुद्दाम तसं लिहिलं, हे मला आजही ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की एकोणीस वर्षं आम्ही दोघी या खोलीत भांडलो, दोऱ्यावरून, खिडकीवरून, चहातल्या साखरेवरून, आणि माझ्या तोंडाला लागून त्यांनी मला काय काय सुनावलं. पण ही तक्रार कधीही तोंडावर मारली नाही. मी मारली असती.

बाईंनी पान जागच्या जागी ठेवलं, फाटलेली कड जुळवून पाहिली आणि टिपणात ‘पूर्ण’ असं लिहिलं. गोदामशेठ पुढे आला. मला वाटलं आता टोमणा येणार. तो नुसता म्हणाला की जागा त्याला नको आहे, आणि नाक शिंकरत निघून गेला.

सगळे पांगल्यावर मी बाईंना विचारलं, कारण तेवीस वर्षं माझ्या मनावर तो दगड होता. माझ्या या अर्जामुळेच स्टेशन बंद पडलं ना? बाई हसल्या. म्हणाल्या, जुन्या फायली त्यांनी पाहिल्यात, त्या वर्षी प्रवासी नाहीत म्हणून सहा स्टेशनं एकदम बंद केली. ही वही तर वर गेलीच नव्हती, तुमची तक्रार कुणी वाचलीसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. जरा अपमानही वाटला.

सासूबाईंना हे कळलं नाही ते एक बरं झालं. गल्लीत कुणाचं काही अडलं, नळाचं, शाळेचं, पेन्शनचं, की त्या काजाची सुई थांबवून सांगायच्या, “अर्ज कर. सरकार ऐकतं. माझं ऐकलं होतं.” कुठला अर्ज, असं मी त्यांना एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मान खाली घालून मशीन चालवत राहायचे, आणि त्या माझ्याकडे बघत राहायच्या, मी विचारते का म्हणून.